प्रिंटरला कायमचा पत्ता हवा

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कार्यालयात एक प्रसंग वारंवार घडतो. दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ बाकावर बसलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर दाखला तयार असतो, प्रिंटरमध्ये कागद भरलेला असतो, शाईही पुरेशी असते. परंतु छपाईचा आदेश देताच ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी अक्षरे पडद्यावर उमटतात. संगणक परिचालक प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करतो, तारा हलवून पाहतो आणि अखेरीस म्हणतो, “काका, आज प्रिंटर चालत नाही. उद्या या.” उद्या येणे म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी बुडणे आणि पुन्हा एकदा एस. टी.चे भाडे भरणे होय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे; प्रिंटर सापडला नाही, ही काही त्या हक्काला टाळण्याची सबब होऊ शकत नाही.

विशेष हे की, अशा प्रसंगी यंत्र बहुधा बिघडलेले नसते. संगणकाजवळ प्रिंटरचा जो पत्ता असतो त्या पत्त्यावर प्रिंटर राहिलेला नसतो, एवढेच. हा पत्ता म्हणजे काय, तो कोण देतो, तो का बदलतो आणि तो कायम कसा करावा, हे समजून घेतल्यास तंत्रज्ञाची वाट न पाहता अर्ध्या तासात काम होण्यासारखे आहे.

उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्याकडील यात्रेकरूंना भैरवगढ अपरिचित नाही. क्षिप्रेच्या काठी, कालभैरवाच्या देवळाच्या परिसरात वसलेली ही वस्ती छपाईसाठी प्रसिद्ध आहे. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढावयाची, मग ते रंगात बुडवावयाचे आणि शेवटी गरम पाण्यात मेण काढून टाकावयाचे, ही तेथील बाटिकची रीत. लाकडी ठशांनी कापड छापण्याचे कामही तेथील छिपा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. छिप्याच्या हातात ठसा असतो आणि पुढ्यात कापड असते. नक्षी कोठे उमटवावयाची हे डोळा पाहतो व हात करतो. मध्ये कोणी तिसरा नसतो. म्हणून तेथील छपाईला पत्ता लागत नाही. एका संगणकाला एक प्रिंटर यूएसबीच्या तारेने थेट जोडला असेल तर तेथेही स्थिती हीच असते. तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच यंत्र आहे; पाठविलेला मजकूर दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

परंतु कार्यालयात चार संगणक आणि प्रिंटर मात्र एक, असे झाले की पत्त्याचा प्रश्न उभा राहतो. आज सर्वत्र रूढ असलेली ‘इथरनेट’ ही जोडणीची पद्धत मुळात ह्याच अडचणीतून निघाली, ही गोष्ट मनोरंजक आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर किरणांनी छापणारा प्रिंटर १९७१ च्या सुमारास सिद्ध केला. तो सेकंदाला एक पान छापू शके. त्याच केंद्रात ‘आल्टो’ नावाचे छोटे संगणक प्रत्येकाच्या मेजावर ठेवण्याचे ठरले होते. प्रत्येक मेजावर असा मोठा प्रिंटर ठेवणे शक्य नव्हते आणि जुन्या पद्धतीच्या तारांतून मजकूर इतक्या वेगाने पोहोचत नव्हता. तेव्हा रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून सर्व यंत्रे एका सामाईक तारेवर जोडण्याची योजना मांडली. सामाईक तारेवर सर्वांचा मजकूर सर्वांना ऐकू येणार. म्हणून प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक देणे आणि प्रत्येक मजकुरावर तो क्रमांक लिहिणे भाग पडले. म्हणजे आपल्या कार्यालयातील चार संगणक व एक प्रिंटर हा खटाटोप पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतल्यासारखाच आहे.

पिनकोड आणि चार आकडे

क्रमांकाच्या पत्त्याची कल्पना आपणांस नवीन नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही योजना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. नाशिकहून भैरवगढच्या एखाद्या कारागिराला पत्र पाठविले असे समजा. पाकिटावर ४५६ ने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक लिहिला की टपाल खात्याला भाषा, गावांच्या नावांतील साम्य किंवा खराब अक्षर यांची अडचण राहत नाही. पहिला अंक ४ हा पश्चिमेकडील विभागाचा आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगढ ही राज्ये त्यात येतात. पहिले तीन अंक मिळून उज्जैनचा टपाल जिल्हा दाखवितात आणि उरलेले तीन अंक विशिष्ट टपाल कार्यालय सांगतात. पत्र नाशिकहून निघताना शेवटचे तीन अंक कोणी पाहतही नाही. ते उज्जैनला पोहोचल्यावर कामास येतात.

संगणकाच्या जाळ्यातील पत्ताही असाच टप्प्याटप्प्याने वाचावयाचा असतो. तो चार आकड्यांचा असून मध्ये टिंबे असतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५०. प्रत्येक आकडा ० ते २५५ ह्या मर्यादेत असतो. ह्याला आयपी पत्ता म्हणतात. ही पद्धत १९८१ साली निश्चित झाली आणि १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेच्या तत्कालीन ‘आर्पानेट’ ह्या जाळ्याने ती पूर्णपणे स्वीकारली. पत्त्यासोबत ‘सबनेट मास्क’ नावाची आणखी एक संख्या भरावी लागते. लहान कार्यालयात ती बहुधा २५५.२५५.२५५.० अशी असते. अनेकजण ती न समजताच भरतात. तिचा अर्थ सोपा आहे: पत्त्यातील पहिले तीन आकडे हे गल्लीचे नाव समजावे व चौथा आकडा हा घराचा क्रमांक समजावा. १९२.१६८.१ ही गल्ली आणि ५० हे घर. ज्या दोन यंत्रांचे पहिले तीन आकडे सारखे, ती एकाच गल्लीतील शेजारी होत. अशा गल्लीत १ ते २५४ एवढी घरे बसतात. ० हा क्रमांक खुद्द गल्लीसाठी व २५५ हा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवलेला असल्यामुळे ते कोणत्याही यंत्राला देता येत नाहीत.

शेजाऱ्याला पत्र पाठवावयाचे तर टपाल कार्यालयात जावे लागत नाही. भैरवगढच्या एखाद्या गल्लीत कोणी ओटीवरून नाव घेऊन हाक मारली की ज्याचे नाव तो ओ देतो. संगणकही असेच करतो. ‘१९२.१६८.१.५० कोण आहे?’ अशी हाक तो गल्लीभर देतो आणि त्या क्रमांकाचे यंत्र आपला अंगचा क्रमांक कळवून उत्तर देते. हा अंगचा क्रमांक म्हणजे ‘मॅक’ पत्ता. तो कारखान्यातच यंत्राला दिला जातो. ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांची बारा स्थाने त्यात असतात. प्रिंटरच्या पाठीमागील चिठ्ठीवर तो बहुधा छापलेला आढळतो. आयपी पत्ता हा राहण्याचा पत्ता आहे आणि घर बदलले की तो बदलतो. मॅक पत्ता हा जन्मखुणेसारखा असून यंत्राबरोबरच फिरतो. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पलीकडच्या गल्लीत, म्हणजे इंटरनेटवर, काही पाठवावयाचे झाल्यास मात्र वेशीतून जावे लागते. कार्यालयातील राऊटर ही ती वेस. तिचा पत्ता बहुधा गल्लीतील पहिला, म्हणजे १९२.१६८.१.१ असा असतो व त्याला ‘गेटवे’ म्हणतात.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. १९२.१६८.१.५० हाच पत्ता शेजारच्या गावच्या शाळेतही असेल, मग घोटाळा होत नाही का? होत नाही. आपल्याकडे शिवाजी चौक किती गावांत आहे! गावात बोलताना ‘शिवाजी चौकात या’ म्हटले की पुरते. चार आकड्यांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. जगातील यंत्रांना ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. ह्याविषयीचा आजचा नियम १९९६ च्या फेब्रुवारीत ठरला. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारे पत्ते हे त्यांपैकी होत. ते कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता, आपल्या आवारात वापरू शकतो. वेशीबाहेर मात्र ते चालत नाहीत.

धर्मशाळेतील खोली

आता मूळ दुखण्याकडे वळू. नवीन प्रिंटर जोडला की तो काही न करता चालू लागतो आणि महिन्याभराने अचानक हरवतो. असे का व्हावे?

यात्रेच्या गावातील धर्मशाळा आठवावी. आलेल्या यात्रेकरूस व्यवस्थापक रिकामी असेल ती खोली देतो आणि वहीत नोंद करतो. यात्रेकरू गेला की ती खोली दुसऱ्यास मिळते. राऊटरमध्ये असाच एक व्यवस्थापक बसलेला असतो. त्याला डीएचसीपी असे नाव आहे. संगणक, मोबाइल किंवा प्रिंटर चालू झाला की तो व्यवस्थापकाकडे पत्ता मागतो व त्याला ठराविक मुदतीपुरता पत्ता मिळतो. मोबाइलसाठी ही सोय उत्तम आहे. मोबाइलला कोणी शोधत येत नाही, तोच इतरांकडे जात असतो. प्रिंटरचे तसे नाही. त्याच्याकडे चारही संगणकांना जावे लागते. भैरवगढच्या छिप्याने दररोज धर्मशाळेतील निराळ्या खोलीत दुकान मांडले तर गिऱ्हाइकांनी त्याला शोधावे कसे?

त्यातच आपल्याकडे वीज जाते. अनेक साध्या राऊटरांच्या स्मरणातील खोल्यांच्या वाटपाची नोंद वीज जाताच पुसली जाते. वीज परत आल्यावर सर्व यंत्रे एकदम जागी होऊन पत्ते मागू लागतात. काल ज्या क्रमांकावर प्रिंटर होता तेथे आज एखाद्याचा मोबाइल विराजमान होतो. संगणक बिचारा जुन्याच दारावर थाप मारीत राहतो आणि उत्तर न आल्याने ‘ऑफलाइन’ असे जाहीर करतो. सोमवारी सकाळी प्रिंटर न सापडण्याच्या तक्रारी का वाढतात, ह्याचे उत्तरही येथेच आहे: दोन दिवस बंद असलेल्या प्रिंटरची खोली तोपर्यंत दुसऱ्याला दिली गेलेली असण्याचा संभव असतो.

पत्ता कायम कसा करावा

प्रथम आपली गल्ली कोणती ते पाहावे. विंडोज प्रणालीच्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही काळी खिडकी उघडून तीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकित केल्यास संगणकाचा पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे अशा तीन ओळी दिसतात. त्या कागदावर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर राऊटर कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत खोल्या वाटतो, ते त्याच्या मांडणीच्या पानावर पाहावे. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता लिहिला की हे पान उघडते. समजा, राऊटर १०० ते १९९ हे क्रमांक वाटत असेल, तर प्रिंटरसाठी त्याबाहेरचा, उदाहरणार्थ ५० हा, क्रमांक निवडावा. काही राऊटर २ ते २५४ असे सर्वच क्रमांक वाटावयास काढतात. तेथे आधी वाटपाचा पट्टा आखूड करावा. ही पायरी गाळून प्रिंटरला मनास येईल तो क्रमांक देण्याची चूक सर्रास होते. मग एके दिवशी राऊटर तोच क्रमांक दुसऱ्या यंत्रास देतो, एका हाकेला दोघे ओ देतात आणि छपाई कधी होते, कधी होत नाही. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे लहरी यंत्र शोधून काढणे कठीण असते.

क्रमांक ठरल्यावर प्रिंटरच्या पट्टीवरील ‘नेटवर्क’ ह्या सदरात जाऊन ‘टीसीपी/आयपी’ निवडावे व ‘ऑटो’ ऐवजी ‘मॅन्युअल’ करावे. पत्ता १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१.१ असे भरून प्रिंटर एकदा बंद करून चालू करावा. ज्या प्रिंटरला पडदाच नाही, त्यासाठी दुसरा मार्ग सोयीचा पडतो. राऊटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ हे सदर असते. त्यात प्रिंटरचा मॅक पत्ता लिहून त्यापुढे हवा तो आयपी पत्ता नेमून द्यावा. म्हणजे धर्मशाळेच्या व्यवस्थापकासच ताकीद मिळते की, ही खोली ह्या माणसाखेरीज कोणास द्यावयाची नाही. माझ्या मते, कार्यालयात राऊटरचा पासवर्ड जाणणारा जबाबदार माणूस असेल तर हा दुसरा मार्गच अधिक चांगला. सर्व नेमणुका एके ठिकाणी पाहावयास मिळतात.

आता संगणकावरून ‘पिंग १९२.१६८.१.५०’ असा आदेश, अर्थात इंग्रजी अक्षरांत, देऊन पाहावा. उत्तराच्या चार ओळी आल्या की वाट मोकळी आहे असे समजावे. उत्तर न आल्यास छपाईच्या सॉफ्टवेअरशी झटापट करीत बसण्यात अर्थ नाही. आधी वाट दुरुस्त झाली पाहिजे. शेवटी संगणकात प्रिंटर नव्याने जोडताना आपोआप सापडलेल्या नावावर टिचकी न मारता ‘टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा’ हा पर्याय घ्यावा व वरील पत्ता लिहावा. हे प्रत्येक संगणकावर एकदाच करावयाचे असते.

‘नेट नाही’ म्हणून छपाई थांबत नाही

पुष्कळ ठिकाणी असा समज आढळतो की, इंटरनेट बंद असले म्हणजे छपाईही बंद. हा समज चुकीचा आहे. बाहेरची ऑप्टिकल फायबरची तार तुटली तरी गल्लीतील शेजाऱ्यांचे बोलणे थांबत नाही. राऊटरला वीज मिळत असेल तर साठविलेला दाखला खुशाल छापता येतो.

ह्याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे. इंटरनेट बंद पडले की परिचालक आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्यास जोडतो. संकेतस्थळ उघडते, उतारा दिसतो, पण प्रिंटर सापडत नाही! कारण उघड आहे. मोबाइलला जोडताच संगणक त्या मोबाइलच्या गल्लीत राहावयास गेला. प्रिंटर मात्र जुन्या गल्लीतच आहे. अशा वेळी उताऱ्याची पीडीएफ प्रत संगणकात साठवावी, हॉटस्पॉट सोडून कार्यालयाच्या वायफायला पुन्हा जोडावे आणि मग छापावे. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा १ मे २०१८ पासून राज्यात संगणकावर उपलब्ध होऊ लागला. तो पीडीएफ स्वरूपातच मिळत असल्याने त्याबाबत ही युक्ती सहज लागू पडते. शाळांतून पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवलेले असते, तेथेही हीच गफलत होते. शिक्षकांनी आपला लॅपटॉप पाहुण्यांच्या जाळ्याला जोडला तर मुख्य जाळ्यावरील प्रिंटर त्यांना बहुधा दिसणार नाही, आणि तो न दिसणे हेच योग्य आहे.

प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्याचे आढळले तर त्याचा अर्थ असा की, त्याला व्यवस्थापक भेटलाच नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता धारण केला आहे. येथे तार सैल आहे काय, वायफायचा पासवर्ड बदलला आहे काय, हे आधी पाहावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. घरून छापता यावे म्हणून कोणी उत्साही माणूस राऊटरची वेस उघडून प्रिंटर थेट इंटरनेटवर आणतो. असे कदापि करू नये. २०१८ च्या नोव्हेंबरात जगभरातील अशा उघड्या हजारो प्रिंटरांतून एका अनोळखी व्यक्तीने पाठविलेली जाहिरातवजा पाने आपोआप छापून बाहेर पडली. तेथे हानी केवळ कागदाची झाली. पण आपल्या प्रिंटरमधून ग्रामस्थांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि विद्यार्थ्यांचे गुणपत्रक जात असतात. राऊटर व प्रिंटर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत.

हे सर्व झाले तरी एक काम उरते आणि ते तांत्रिक नाही. बहुतेक कार्यालयांत ही माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते. त्याची बदली झाली की ती त्याच्याबरोबर जाते. म्हणून जडवस्तुसंग्रह नोंदवहीत प्रिंटरच्या नोंदीपुढेच त्याचा आयपी पत्ता, मास्क, गेटवे व मॅक पत्ता लिहावा आणि आयपी पत्त्याची एक चिठ्ठी प्रिंटरवर चिकटवावी. पासवर्ड चिठ्ठीवर नव्हे, तर कार्यालय प्रमुखाजवळ बंद पाकिटात असावेत. राऊटर बदलण्याच्या दिवशी ही नोंद विशेष उपयोगी पडते. नव्या राऊटरची गल्ली १९२.१६८.० अशी निघाली तर १९२.१६८.१ ह्या गल्लीतला प्रिंटर एकाकी पडतो. तेव्हा जुना राऊटर काढून नेण्यापूर्वी त्याच्या पानावरील गेटवे व मास्क नोंदवहीशी ताडून पाहावेत आणि नवीन यंत्र बसविणाऱ्याकडून तेच आकडे भरून घ्यावेत. प्रिंटरला राऊटरवरूनच खोली नेमून दिली असेल, तर ती नेमणूकही नव्या राऊटरवर त्याच बैठकीत करून घ्यावी.